डाव्या पायाचं आतलं बोट

माझा अडकित्ता पहिल्यांदा हरवला तेव्हा मी नवऱ्यावर खेकसले. दुसऱ्यांदा हरवला तेव्हा शेजारणीवर संशय घेतला. तिसऱ्यांदा मात्र तो जागच्या जागी सापडला, चुलीमागच्या फळीवर, पण त्याच्या खिळ्यात काळी वाळू अडकलेली होती. सुपारी कातरून तोंडात टाकली आणि दाताखाली कचकन आवाज आला. आमच्या घरात सुपारी खाणारी मी एकटी. नवरा बाकर विड्या फुंकतो. त्याची थोरली बहीण रुगाया विधवा झाल्यापासून आमच्याच परसात खोपी बांधून राहते, तिला तर सुपारीच्या नुसत्या वासानं मळमळतं. मग माझा अडकित्ता घेऊन वाळूत कोण जातं? हे कोडं मला सात वर्षं सुटलं नाही. तेवढ्या वेळात आमच्या नुसामेते बेटावर दोन राजे होऊन गेले.

राजा म्हणजे गावचा मुखिया. मुकुट नाही की सिंहासन नाही. आत्ताचा राजा इद्रिस, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि कधीही भेटा, कोपरापर्यंत तेलानं माखलेला असतो.

रुगायाला सारं गाव इना म्हणतं, म्हणजे आई. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडं असंच म्हणतात, आणि मीही तिला इनाच म्हणते, जरी लग्नानंतरची पहिली काही वर्षं मनातल्या मनात वेगळंच काहीबाही म्हणत असे. मी मूळची समोरच्या सेराम बेटावरची. होडीतून नवरी म्हणून उतरले, अंगावरचे ओले कपडेही बदलले नव्हते, आणि ही बाई माझा हात धरून विचारते, "तुमच्या डोंगरात आमची पिल्लं येतात का गं?"

मला वाटलं होतं, नणंद विचारेल मासळीचा रस्सा येतो का, सागोच्या पिठाचा पापेडा गुठळ्या न होता ढवळता येतो का. मी म्हटलं, "मी काय तिथं तुमची पिल्लं मोजत बसले होते?"

ती रागावली नाही. तोंड एवढंसं करून म्हणाली, "म्हणजे कुणीच बघितलेलं नाही."

पिल्लं मोमोआची. मोमोआ हा कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. पाय मात्र असे दांडगे, की कुणीतरी चुकून दुसऱ्याचेच लावून दिलेत असं वाटावं. रात्री जंगलातून वाळूवर उतरतो, हातभर खोल खड्डा करतो, त्यात एकच भलंमोठं अंडं घालतो, वर वाळू लोटतो आणि निघून जातो. परत बघायलाही येत नाही. आमची वाळू काळी आणि आतून ऊबदार, उबवायचं काम तीच करते. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लू स्वतःच खणत वर येतं, अंग झटकतं आणि उडतं. आई नाही, बाप नाही, चारा भरवणारं कुणी नाही.

रुगाया नऊ वर्षांची असताना त्या वाळूच्या कडेला पालथी पडली होती. तिच्या तळहाताखाली वाळू हलली. तिनं हात उचलला तर पिल्लू बाहेर आलं, तिच्याकडं एकदा बघितलं आणि भुर्रकन गेलं. ती डोळे चोळेपर्यंत दिसेनासं झालं. त्या दिवसापासून ती ज्याला त्याला विचारत सुटली, ते गेलं कुठं? आणि परत येतं का? आजोबांनी सांगितलं, सेरामच्या डोंगरात जातं. मशिदीतल्या इमामांनी सांगितलं, पोरीच्या जातीनं इतके प्रश्न विचारू नयेत. आईनं पाठीत धपाटा घातला. आमच्या गावात एवढी उत्तरं एका प्रश्नाला पुरतात, पण तिला पुरली नाहीत.

पुढं ती खणणारी झाली. सगळ्या गावात खणणाऱ्या सातजणी. पहाटे फटफटलं की त्या सीमेवरच्या झावळी बांधलेल्या खांबापाशी चपला काढून आत जातात, बाकी कुणी जायचं नाही. आत मोठ्यानं बोलायचं नाही, धावायचं नाही. ताजं अंडं गुलाबीसर असतं, तेवढंच काढायचं. जुनं, तपकिरी पडलेलं हाताला लागलं तर होतं तसं, टोक खाली ठेवून, पुन्हा पुरायचं. आणि पिल्लू वर येताना दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर हलकेच वाळू सारायची आणि पाठ फिरवून निघून जायचं. ज्याचा हात पिल्लाला लागला त्याचं पाऊल पुन्हा जन्मात त्या वाळूला लागायचं नाही. शिवाय जाताना सीमेवर नवा खांब त्यानंच आपल्या हातानं रोवायचा. पिल्लाला माणसाचा हात लागला की ते परत येत नाही, असं पूर्वजांनी सांगून ठेवलंय.

रुगाया अंडं पायानं शोधते. बाकीच्या सहाजणी काठी खुपसतात, ही नुसती चालते. चालता चालता थांबते, पायाचा चवडा जरासा दाबते आणि म्हणते, "इथं." मी सीमेबाहेर अंड्यांची टोपली घ्यायला उभी असे. तीस-पस्तीस वर्षं बघत आले, ती चुकल्याचं मला चार-पाच वेळाच आठवतं. एकदा विचारलं, काय कळतं गं पायाला? म्हणाली, "तुझ्या हाताला नाही का कळत, पापेडा झालाय की कच्चाय?" एवढ्यावर तिनं माझी बोळवण केली.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे बोटीचा धक्का.

आमच्याकडं बोट आठवड्यातून एकदा येते आणि किनाऱ्यापासून लांब उभी राहते. उतारूंनी छोट्या होडीत उतरायचं आणि शेवटी कमरेएवढ्या पाण्यातून चालत यायचं. गेल्या पूर्व-वाऱ्यांच्या खवळलेल्या मोसमात माझी सून नुरलीना बाळंतपणाला आंबोनच्या इस्पितळात निघाली होती. लाटांनी होडी तीनदा परत लोटली. चौथ्यांदा बाकरनं आणि माझ्या मुलानं तिला खांद्यावर घेऊन बोटीवर चढवलं. नात बोटीवरच झाली. दोघी वाचल्या, पण तो दिवस मी विसरलेले नाही. त्यामुळे सरकारनं दगडी धक्का मंजूर केला असं राजा इद्रिसनं चावडीत सांगितलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या. पाणी कुठं खोल आहे, धक्का कुठं होणार, ते मी ऐकलंच नाही.

तो वाळूवर होणार होता. मोमोआच्या वाळूवर.

रुगाया उठून उभी राहिली. "आणि पाखरं?"

"इना, पाखरांना पंख आहेत," इद्रिस म्हणाला. "पश्चिमेच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे. तिथं जातील."

"नाही जाणार. जिथून निघतात तिथंच येतात."

"कुणी बघितलंय?"

"माझ्या पायांना कळतं."

चावडीत हशा पिकला. मीही हसले, आता कशाला लपवू. मग साबान तेते बोलला. तेते म्हणजे आजोबा. हा म्हातारा सत्तरीच्या पुढचा, कोंबड्यांचा शौकीन आणि जिभेनं भारी तिखट. म्हणाला, "अगं रुगाया, तुझा लेक मकासरला जाऊन अकरा वर्षं झाली. माणसाचं पोर परत येईना आणि पाखराचं येणार होय?"

हसू बंद झालं. इद्रिसलाही ते लागलं असावं. त्यानं जरा मऊ आवाजात सांगितलं, "इना, मला तुमच्याशी भांडायचं नाही. शनिवारच्या बोटीनं सरकारी माणूस मोजमापाला येतोय. त्याच्या आत परत आलेलं एक पाखरू दाखवा. एकच. मी धक्का पश्चिमेला हलवतो. चढ चढून जावं लागेल, गाव मला शिव्या घालेल, तरी हलवतो. पण दाखवल्याशिवाय नाही."

ती काहीच बोलली नाही. ते मला विचित्र वाटलं. ही बाई इमामांशी हुज्जत घालते, आणि आता तोंडातून शब्द नाही.

घरी आल्यावर मी माझं चालू केलं. माणसाचा जीव मोठा की अंड्यांचा, नात डोळ्यांसमोर खेळतेय ती दिसत नाही का, वगैरे. ती परसातल्या ओंडक्यावर बसून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं कमरेची गाठ सोडली आणि माझा अडकित्ता माझ्यासमोर ठेवला.

"हा तूच नेतेस?" मी म्हटलं. "सात वर्षं? अगं, शेजारीण माझ्याशी अजून नीट बोलत नाही!"

"आपल्या कोंबड्यांची खूण काय?" तिनं विचारलं.

हे काय विचारणं झालं? आमच्या गावात कोंबड्या मोकळ्या हिंडतात, म्हणून प्रत्येक घर पिल्लं लहान असतानाच त्यांच्या बोटाचं टोक छाटतं. साबान तेतेच्या घराचं उजवं बाहेरचं, इद्रिसच्या घराचं मागचं, आमचं डाव्या पायाचं आतलं बोट. मग ती कोंबडी कुणाच्याही अंगणात जाऊन दाणे टिपो, मातीत उमटलेलं पाऊल बघितलं की ती कुणाची ते कळतं.

मी ते बोट म्हणाले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हातातलं ताट तसंच राहिलं.

"मोमोआचं?"

"वर येताना सापडली तेवढ्यांचं. अगदी टोक, रक्ताचा थेंब येईल न येईल एवढंच. एकतीस झाली."

"आणि?"

ती माझ्याकडं बघून हसली. तिच्या चेहऱ्यावर असं हसू मी तोवर बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. "गेल्या वर्षी एक आलं," ती म्हणाली. "त्या वाहून आलेल्या ओंडक्याजवळ पाऊल होतं. डावं, आतलं बोट आखूड. मी वाळूत बसलेच. यंदा तिघं येतात. एक मोठं, दोन त्याहून लहान."

"वर्षभर तुला माहीत आहे? मला का नाही सांगितलंस?"

"आले होते सांगायला. तू विहिरीवर होतीस. मी हाक मारली तर म्हणालीस, चुलीवरचे मासे करपतायत, तुझं पाखरांचं पुराण नंतर."

मला ते आठवलं. मासेही आठवले.

मग मात्र माझा पारा चढला. "आज चावडीत तोंड का शिवलं होतंस?" असं म्हणाले आणि म्हणता म्हणताच मला कारण कळलं. पिल्लाला हात. एकदा नाही, एकतीस वेळा. बोलली असती तर वाळू वाचली असती, पण तिचं पाऊल पुन्हा त्या वाळूला लागलं नसतं. नऊ वर्षांची असल्यापासून ज्या एका जागेसाठी ही बाई पहाटे डोळे उघडते, ती जागा. नवरा वारला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती वाळूवर गेली होती. लेकाचं पत्र यायचं बंद झालं तेव्हाही गेली होती.

"मग गप्पच बस," मी म्हटलं. "होऊ दे धक्का. तसंही आम्हाला हवाच आहे."

"धक्का झाल्यावर मी तरी कुठं चालणार?"

"पण तुझी नाचक्की तरी होणार नाही!"

"आणि ती तिघं?" ती म्हणाली. "ती येतील आणि त्यांना दगड लागेल."

दोन दिवस ती नेहमीसारखी खणायला गेली. मी सीमेवर टोपली घेऊन उभी राहत होते आणि तिच्या पायांकडं बघत होते. ती फार हळू चालत होती. दुसऱ्या दिवशी तिनं एकही अंडं काढलं नाही. नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. बाकीच्या सहाजणी एकमेकींकडं बघायला लागल्या.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सगळे चावडीत जमले. रुगाया उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अडकित्ता, एकतीस, तिघं. हळद-मिठाचा हिशेब सांगावा इतक्या साध्या आवाजात.

गलका उडाला. इमामांनी डोक्याला हात लावला. खणणाऱ्यांतली एक रडायला लागली. बाकर माझ्याकडं असा बघत होता, की जणू मीच बोटं छाटली होती. त्या सगळ्या गोंधळात साबान तेते काठी आपटत ओरडला, "थांबा, थांबा! ही खूण तर बाकरच्या घरची! म्हणजे गावाची पाखरं हिनं आपल्या घरची करून टाकली की!"

हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. ती गोंधळली. आमच्याकडं दुसऱ्याच्या कोंबडीवर आपली खूण करणं म्हणजे चोरीच. आता हे आणखी वाढणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "तेते, मला दुसरी कुठली खूण येतच नाही. लहानपणापासून तेच एक बोट छाटत आलेय." आणि हे इतकं खरं होतं, की म्हाताऱ्याला हसू आवरेना. त्याच्यामागून बरेचजण हसले. इद्रिस तेवढा हसला नाही. म्हणाला, "इना, शिक्षा काय आहे ती तुम्हाला ठाऊक आहे. पण आधी पाऊल दाखवा. उद्या सकाळी."

शनिवारी पहाटे सीमेबाहेर गावच लोटलं होतं. नुरलीना नातीला कडेवर घेऊन आली होती. आत चौघंच गेले. रुगाया, इद्रिस, इमाम आणि साबान तेते, कारण पायांच्या खुणा वाचण्यात म्हाताऱ्याचा हात धरणारा कुणी नाही. चौघांनी चपला काढल्या. इद्रिसनं पाय धुतले, त्याच्या घोट्यांवरही तेल होतं.

वाळूवर पावलंच पावलं उमटली होती. रात्री वीसेक पाखरं तरी येऊन गेली असावीत. रुगाया ओंडक्याकडं गेली, वाकली, तशीच पुढं गेली. डावीकडं गेली. परत आली. सूर्य वर यायला लागला आणि त्याच्याबरोबर वारा. वारा सुटला की वाळू सरकते आणि पावलांच्या कडा ढासळतात, हे कोण जाणत नाही? गंमत बघा, धक्क्याला सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणारी मी, आणि आता मनातल्या मनात त्या वाऱ्याला हात जोडत होते. "थांब बाबा जरा. थोडा वेळ थांब."

आत इद्रिसनं खांदे उडवले. इमाम परत फिरले. रुगाया मधोमध नुसती उभी होती. मग तिनं डोळे मिटले. मला ते लांबूनही दिसलं. तिनं डोळे मिटले आणि चालायला लागली. दहा-बारा पावलं गेली, थांबली, चवडा दाबला.

"इथं खणलंय काल. ताजं आहे," ती म्हणाली. मोठ्यानं बोलायचं नाही हा नियम तिनं पहिल्यांदाच मोडला. "तेते, खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला बघा. वाऱ्याच्या आडोशाला."

साबान तेते गुडघ्यांवर बसला. त्याला बसायलाच केवढा वेळ लागतो. नाक जवळजवळ वाळूला टेकवलं. मग एक बोट पुढं करून त्यानं काहीतरी चाचपलं, जराही न मोडता. पुढं रांगला. पुन्हा चाचपलं. बाहेर कडेवरची नात मजेत टाळ्या वाजवत होती.

"आतलं बोट," म्हातारा म्हणाला. "डावं. पेरावर कातरलेलं." तो आणखी पुढं सरकला. "आणि हे दुसरं. हे लहान पाखरू आहे. यालाही नाही." त्यानं मान वर केली आणि रुगायाकडं बघितलं. "एकाचं तुटेल कशात तरी अडकून. दोघांचं एकच पेर कसं तुटेल? आलंय गं रुगाया. परत आलंय."

मग त्यानं तिचा हात धरला. उठायला धरला की माफी मागायला, ते मला कळलं नाही. बराच वेळ धरून ठेवला होता.

दुपारी बोट आली. इद्रिसनं सरकारी माणसाला पश्चिमेला नेलं. त्याआधी शिक्षा झाली. इद्रिसचा चेहरा पडला होता, तो म्हणाला, "इना, मला नको वाटतंय," तर ही उलट त्याच्यावरच डाफरली, "नियम मी एकटीनं मोडला तेवढा पुरे नाही का? आता तू पण मोडणार?" नवा खांब तिनं स्वतः रोवला, वर कोवळी झावळी बांधली, पायानं माती दाबली. शेवटचं पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी ती आत थोडा वेळ उभी राहिली. अंगठ्यानं वाळू जराशी उकरली आणि बाहेर आली. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि भोवती कोण होतं याची मला पर्वा नव्हती.

सातवी जागा रिकामी झाली होती. घरातल्याच कुणाला तरी द्यायची रीत आहे, म्हणून साठीला टेकलेली मी खणणारी झाले. माझे पाय म्हणजे शुद्ध लाकूड. पहिल्या महिन्यात मी इतके फुकट खड्डे खणले, की बाकीच्या म्हणाल्या, जालेहा, विहीर काढतेस का? रुगाया रोज माझ्याबरोबर येते आणि खांबाबाहेर उभी राहते. ओरडता येत नाही, म्हणून हातवारे करते. टाच नको, चवडा. डावीकडं. अगं, डावं कुठलं तेही कळत नाही का तुला? आणि परतताना रोज एकच विचारते, "आज किती आली?" मी पावलं बघून सांगते. दोन. तीन. आज एकही नाही. एकदा चार म्हणाले, तर तिनं मला घट्ट मिठी मारली.

धक्का झाला. चढ आहे, पाऊण तास जास्त लागतो, आणि नुरलीना प्रत्येक वेळी सामान उचलताना पुटपुटते. पुटपुटू दे, तिचा हक्कच आहे.

परवाची गोष्ट. मी खड्ड्यात वाकले होते, एवढ्यात शेजारची वाळू हलली. पिल्लू. डोकं, मग पंख. मी हात मागं घेतला. अडकित्ता घरीच होता, नाहीतर काय केलं असतं देव जाणे. त्यानं अंग झटकलं, माझ्या डोळ्यांत वाळू उडवली आणि गेलं. डोळे चोळेपर्यंत आभाळ रिकामं. रुगायाला नऊ वर्षांची असताना जे दिसलं तेवढंच मलाही दिसलं.

आणि सीमेबाहेरून किंकाळी आली. सातहीजणी दचकलो. बघते तर रुगाया पळतेय. गुडघ्यांनी अधू झालेली ही बाई लुगडं वर धरून पळत सुटली होती, आणि जंगलाकडं नाही, गावाकडं! मी खोरं टाकून तिच्यामागं धावले. वाळूवर धावायचं नाही हे मला सीमा ओलांडल्यावर आठवलं.

ती आमच्या घरामागं सापडली. माझ्या स्वयंपाकघराच्या पाठीला केवड्याचं दाट बेट आहे. रोज सकाळी भांड्यांचं पाणी आणि माशांचे खवले मी तिथंच भिरकावते. त्या केवड्यासमोर ती गुडघे टेकून बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला शेजारी ओढलं.

आत अंधारात पिल्लू बसलं होतं. पाठीवर अजून काळी वाळू होती. धापा टाकत होतं आणि एका डोळ्यानं आमच्याकडं बघत होतं.

"जालेहा," ती कुजबुजली, "सेरामला नाही गं गेलं."

तिचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती. "इतकी वर्षं मी आत होते ना, खाली मान घालून. बाहेर उभी राहिले म्हणून दिसलं. सरळ इथं आलं. आपल्या घरात!" मग एकदम माझ्याकडं वळली, "आणि तू इथं घाण पाणी टाकतेस! उद्यापासून टाकशील तर बघ."

"नाही टाकणार," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला उलट उत्तर दिलं नाही.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. चुलीवर पाणी उकळून आटून गेलं असणार. पिल्लानं पंख नीट केले, दोन पावलं आत सरकलं, मग आणखी आत, आणि पानांमागं दिसेनासं झालं. रुगाया मान वाकडी करून बघत होती. आणि मी, जिनं तिच्या या खुळाला पस्तीस वर्षं नावं ठेवली, तिच्याच तोंडून निघून गेलं, "इना, इथून पुढं ते कुठं जात असेल गं?"